न विकली, न वाकली : शर्ली चिझम गार्डन पार्टीच्या नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

बागेची वार्षिक बैठक झाली. हजर २२. ठराव एकमताने: अमेरिकेतल्या राजकारणी शर्ली चिझम यांचं हे जन्मशताब्दी वर्ष, त्यानिमित्त बागेत गार्डन पार्टी करायची. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९२४ चा, इथलाच, न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. पण नोव्हेंबरअखेर इथे उघड्यावर कुणी बसू शकत नाही, म्हणून तारीख धरली शनिवार १४ सप्टेंबर. वही आणि हिशेब माझ्याकडे.

वही उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर म्हणून थोडी ओळख लिहून ठेवते. आमची बाग बेडफर्ड-स्टायव्हेसंट आणि क्राउन हाइट्स या दोन वस्त्यांच्या शिवेवर, दोन घरांच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर आहे. शहराच्या ग्रीनथम्ब योजनेखाली चालते. मातीत जुन्या रंगाचं शिसं उतरलेलं असतं, म्हणून लाकडी चौकटींचे उंच वाफे आणि त्यात बाहेरून आणलेली माती. पाणी रस्त्यावरच्या हायड्रंटचं, परवाना काढून. सभासद बहुतेक बार्बेडोस, गयाना, ग्रेनडा, हैती इकडचे. मराठी मी एकटी, मूळची राजापूरची.

२७ एप्रिल

अंदाजपत्रकाचा पहिला खर्डा केला. वर्गणी आणि देणग्या धरून १,८०० डॉलर जमतील. खुर्च्या, तंबू, स्पीकर, कापडी फलक, छपाई, मुलांसाठी रंग, कचऱ्याच्या पिशव्या. स्वयंपाकापुढे शून्य. बायका घरून करून आणतील, दरवर्षी आणतातच.

५ मे

शर्लीबाईंचं १९७० सालचं आत्मचरित्र, ‘अनबॉट अँड अनबॉस्ड’, वाचायला घेतलं. तीन रात्री झाल्या. काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, १९७२ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिलेली, एवढं मला ठाऊक होतं. सुरुवात कुठून झाली ते ठाऊक नव्हतं.

कॉलेजात असतानाच त्या आपल्या भागातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्लबात जाऊ लागल्या. क्लबाच्या बायकांचं काम ठरलेलं होतं: वर्षातून एकदा पत्त्यांची पार्टी आणि सोडत भरवायची आणि क्लबासाठी पैसे उभे करायचे. शर्लीबाईंना रंगकाम येत होतं, म्हणून त्यांच्याकडे सिगारचे रिकामे डबे सजवायचं काम आलं. सोडतीची तिकिटं आणि जमलेले पैसे त्या डब्यांत ठेवत. त्यांनी डबे मन लावून रंगवले. मग बायकांशी बोलायला लागल्या की पैसा आपण आणतो, क्लब त्यावर चालतो, तर आपल्या कामासाठी क्लब आपल्याला पैसे का देत नाही? त्या बायका आजवर पदरचं घालत आल्या होत्या.

हे वाचून पुस्तक मिटलं आणि खर्डा काढून बघितला. ते शून्य मी स्वतः लिहिलं होतं. बाईंच्या नावाने पार्टी, आणि पार्टीच्या वहीत तोच जुना क्लब.

११ मे

अंदाजपत्रकाची बैठक. दोन तास. स्वयंपाकासाठी रक्कम काढावी असं मी मांडलं. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे खजिनदार म्हणाले, “आपुलकीने आणतात. पैसे द्यायला लागलो तर त्यांना वाईट वाटेल.” त्यांच्या मनात खोट नव्हती, हे लिहून ठेवते.

मग बार्बेडोसच्या आंटी बोलल्या. वय ७९, सगळी बाग त्यांना आंटीच म्हणते. “मक्याचं पीठ, नारळ, तेल, गॅस. आपुलकी माझी आहे, ती मी देते. पीठ दुकानदाराचं आहे.” त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

ठरलं: तंबू रद्द. स्वयंपाकाला ५५० डॉलर, आगाऊ, रोख. हिशेब ठेवायचा, पण घासाघीस करायची नाही.

२५ मे

माती आता हाताला कोमट लागते. वाफा ७ आणि ८ मध्ये पेरणी केली: भेंडी, माठ, लाल अंबाडी. तिन्ही बियाणी कॅरिबियन दुकानातून आणली आणि तिन्ही माझ्या आजीच्या परसात होती.

भेंडी बार्बेडोसच्या कूकूसाठी लागते. मक्याच्या पिठात भेंडीचं पाणी घालून घोटतात. गयानाच्या ताई माठाला ‘भाजी’ म्हणतात, साफ मराठी ऐकू यावं तशा. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर करारबंद मजूर म्हणून हिंदुस्थानातून नेलेले. शब्द बोटीतून गेला आणि तिथेच राहिला. शर्लीबाईंचे वडील त्याच ब्रिटिश गयानाचे, आई बार्बेडोसची. वडील गोणपाटाच्या कारखान्यात, पुढे बेकरीत हातमजूर. आई शिवणकाम आणि लोकांच्या घरची कामं करायची. एवढ्यात मुली सांभाळणं जमेना, म्हणून शर्लीबाई आणि त्यांच्या बहिणींना लहानपणी आजीकडे बार्बेडोसला धाडलं. व्हॉक्सहॉल नावाच्या गावी आजीचं शेत होतं. १९३४ साली त्या परत आल्या. आपल्या बोलण्यातली धार तिथल्या शाळेतून आली असं त्या मानत.

लाल अंबाडीच्या फुलांखालची लाल बोंडं सुकवून ‘सॉरेल’ नावाचं सरबत करतात. आमचा बेत तोच.

१५ जून

देणगीचा डबा बागेच्या फाटकाशी ठेवला. डबा सिगारचाच, लाकडी. शाळेतल्या मुलांनी रंगवून दिला. पहिल्या दिवशी ४१ डॉलर ३० सेंट.

खजिनदारांनी नाणी मोजायला घेतली तेव्हा त्यांना पुस्तकातला एक प्रसंग सांगितला. काँग्रेसच्या निवडणुकीला उभं राहावं की नाही, हे ठरत असताना शर्लीबाईंच्या दारावर एक बाई आली. सरकारी मदतीवर घर चालवणारी. तिने पाकीट हातात दिलं. आत ९ डॉलर ६२ सेंट होते, तिच्यासारख्याच बायकांनी जमवलेले. शर्लीबाई रडल्या, असं त्यांनीच लिहिलंय. खजिनदारांनी नाणी पुन्हा एकदा मोजली आणि पावतीपुस्तकात सेंटसकट लिहिली.

२३ जून

म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्कमध्ये शर्लीबाईंच्या शताब्दीचं प्रदर्शन याच आठवड्यात उघडलं. सहाजणी जाऊन आलो. आमच्या फलकांवर काय असावं याची यादी परतीच्या सबवेतच केली. पाच फलक, जास्त नाही. बागेत लोक उभ्याने वाचतात.

३ जुलै

आज बागेत काम झालं नाही. परवा बेरिल वादळ ग्रेनडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. आमच्या तीन सभासदांची माणसं तिथे आहेत, फोन लागत नाहीत. बार्बेडोसला वादळ थेट धडकलं नाही, पण समुद्राने कोळ्यांच्या होड्या फोडल्या. दोनशेच्या वर होड्यांचं नुकसान. आंटींचा भाचा होडीवर असतो. तो सुखरूप आहे.

झाडांना पाणी तेवढं घातलं.

६ जुलै

कारियाकूची तिन्ही घरं कळली. माणसं आहेत, छपरं नाहीत. देणगीच्या डब्यातले आतापर्यंतचे सगळे पैसे तिकडे पाठवायचे ठरलं. पार्टीसाठी डबा पुन्हा शून्यापासून. कूकूबरोबर उडते मासे करायचे होते, ते मी यादीतून काढले. आंटी म्हणाल्या, खारवलेल्या कॉडची भजी करू, होड्या दुरुस्त होईपर्यंत तीच खरी.

२२ जुलै, सोमवार

काल दुपारी बायडन यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतल्याची बातमी आली आणि संध्याकाळपर्यंत बागेत उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्याखेरीज दुसरा विषय नव्हता. पार्टीला प्रचाराचं रूप द्यावं, असे तीन निरोप. आज बैठक बोलावून ठरवलं: प्रचार नाही. जागा शहराची आहे, आणि बागेत सगळ्या मतांची माणसं कुदळ धरतात.

पण १९७२ वर एक पूर्ण फलक द्यायचा. २५ जानेवारी १९७२, काँकॉर्ड बॅप्टिस्ट चर्च, आमच्या बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे उभं राहून त्या म्हणाल्या की मी कृष्णवर्णीय आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, तरी मी फक्त कृष्णवर्णीयांची उमेदवार नाही. मी स्त्री आहे आणि त्याचाही अभिमान आहे, तरी मी फक्त स्त्रियांच्या चळवळीची उमेदवार नाही. मी अमेरिकेच्या लोकांची उमेदवार आहे. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मायामी बीचच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मतं पडली. आपल्या म्हणवणाऱ्या बऱ्याच पुढाऱ्यांनी पाठ फिरवली होती. ते फलकावर लिहायचं, गाळायचं नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिणेतल्या अलाबामाचा गव्हर्नर, वंशभेदाचा कट्टर पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस याला गोळ्या लागल्या, आणि बाई त्याला भेटायला इस्पितळात गेल्या. त्यांच्याच लोकांना ते अजिबात रुचलं नाही. आमच्यातही आज वाद झाला. गयानाच्या ताई म्हणाल्या, मी गेले नसते. मीही गेले नसते. त्या गेल्या, एवढं खरं.

१० ऑगस्ट

मुलांना घेऊन लाफायेट अॅव्हेन्यूवरचं मॅग्नोलियाचं झाड बघायला गेलो. हॅटी कार्थन या बाईंनी ते तुटण्यापासून वाचवलं. १९७० मध्ये शहराने त्या झाडाला वारसास्थळाचा दर्जा दिला. झाड दक्षिणेतलं, पण भिंतींच्या आडोशाने इथल्या थंडीत तगलं.

परत येताना मुलांना कृषी समितीची गोष्ट सांगितली. १९६९ मध्ये शर्लीबाई वॉशिंग्टनला पोचल्या तेव्हा त्यांना कृषी समितीवर टाकलं, त्यातही वनांच्या उपसमितीवर. ब्रुकलिनच्या मध्यावरून निवडून आलेल्या बाईला! नव्या सदस्याने मिळेल ते निमूट घ्यायचं ही तिथली रीत. बाईंनी भर सभागृहात हरकत घेतली, आणि शेवटी त्यांना माजी सैनिकांच्या समितीवर बदलून दिलं. माझ्या मतदारसंघात झाडांपेक्षा माजी सैनिक कितीतरी जास्त आहेत, असं त्या म्हणाल्या. एका मुलाने विचारलं, “मग त्यांना झाडं आवडत नव्हती का?” मी म्हटलं, जमैका बेच्या काठी कचऱ्याच्या दोन जुन्या डोंगरांवर हजारो झाडं लावून २०१९ मध्ये ४०७ एकरांचं उद्यान उघडलं, त्याला त्यांचं नाव आहे. ऑक्टोबरात तिकडे सायकलींनी जायचं ठरलं.

अन्नाचा विषय मात्र त्यांनी कधीच सोडला नाही. गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांसाठी १९७२ च्या कायद्याने ‘विक’ (WIC) नावाची पोषण योजना उभी राहिली, त्या कामात त्यांचा मोठा हात होता. आमच्या बागेतल्या दोन लेकुरवाळ्या आजही त्या योजनेचं दूध आणि डाळ आणतात. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आज कळलं.

२४ ऑगस्ट

बोलणाऱ्यांची यादी. आलेल्या निरोपांप्रमाणे सहा पदाधिकाऱ्यांना बोलायचंय आणि प्रत्येकाला पहिलं बोलायचंय. ठरलं: प्रत्येकी ३ मिनिटं, आणि सगळे शेवटी.

पुढच्या दोन रांगा घरकाम करणाऱ्या, मुलं सांभाळणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठी. यावर कुणाचं दुमत झालं नाही. शर्लीबाईंची आई हेच करायची. राज्याच्या विधिमंडळात असताना, १९६५ ते १९६८, त्यांनी अशा कामगारांना बेकारी भत्ता मिळवून दिला. १९७४ मध्ये देशभरच्या घरकामगारांना किमान वेतनाच्या कायद्यात घेतलं गेलं, तेव्हा दक्षिणेतली मतं वळवायला वॉलेसने मदत केली. इस्पितळातल्या त्या भेटीचं हे पुढचं पान. फलक ४ वर दोन्ही शेजारी शेजारी लिहिलंय.

३१ ऑगस्ट

कापडी पट्ट्या रंगवल्या. बाईंच्या प्रचाराची घोषणा, तीच ‘अनबॉट अँड अनबॉस्ड’, इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, हैतीच्या क्रेओलमध्ये. मराठीतही कर, असा सगळ्यांचा आग्रह. ‘कुणी विकत न घेतलेली, कुणाच्या हुकमात नसलेली’ हे अर्थाला बरोबर, पण पट्टीवर मावत नाही आणि तोंडात बसत नाही. चार दिवस घोळवलं. आज भाजी निवडताना सुचलं: न विकली, न वाकली. देवनागरी अक्षरं हैतीच्या एका मुलीने माझ्यापेक्षा सुबक रंगवली.

घडीच्या खुर्चीचं ते प्रसिद्ध वाक्य (टेबलाशी जागा दिली नाही तर आपली खुर्ची घेऊन जा) मोठ्या अक्षरांत लावायचा सूर होता. ते सगळीकडे झालंय, मगांवर आणि पिशव्यांवर सुद्धा. त्याऐवजी फलक ५ वर १९६८ ची निवडणूक घेतली. समोर जेम्स फार्मर, नागरी हक्कांच्या लढ्यातलं मोठं नाव. त्यांचा प्रचार असा की वॉशिंग्टनला पुरुषाचा आवाज हवा. शर्लीबाईंनी मतदारयाद्या पाहिल्या, त्यात बायका जास्त निघाल्या. त्या शाळांच्या पालकसभांत, बायकांच्या मंडळांत गेल्या, प्वेर्तो रिकोच्या लोकांशी स्पॅनिशमध्ये बोलल्या, पोटाची शस्त्रक्रिया झालेली असताना रस्त्यावर उतरल्या. दुपटीहून जास्त मतांनी निवडून आल्या. मंडळं, पालकसभा, पत्त्यांच्या पार्ट्या. या कामाला राजकारण कुणी म्हणत नव्हतं.

७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. दीड दिवसाचा गणपती घरी बसवला. बागेतल्या चौघी दर्शनाला आल्या आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, कारण कॉन्कीची रंगीत तालीम करायची होती.

कॉन्की: मक्याचं पीठ, किसलेला भोपळा, रताळं, खवलेला नारळ, गूळसर साखर, मसाला. केळीच्या पानात बांधून वाफवायचं. आंटी पानाची घडी घालताना मी बघत होते. ही आमची पातोळी, फक्त हळदीचं पान नाही आणि तांदूळ नाही. मी तोवर तव्यावर पानगी केली. दोन्ही एका ताटात देवापुढे ठेवली.

बार्बेडोसचा स्वातंत्र्यदिन ३० नोव्हेंबर, त्याच सुमारास घरोघरी कॉन्की करतात. शर्लीबाईंचा वाढदिवसही तोच.

रात्री उशिरा आठवलं की जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यातून, दीडशे वर्षांपूर्वी. आणि आंबेडकर शिकले त्या कोलंबियातच शर्लीबाईंनी बालशिक्षणातली पदवी घेतली. यासाठी सहावा फलक मागावा असं फार वाटलं. मागितला नाही. कुणी मराठी पट्टीचा अर्थ विचारला तर तोंडी सांगेन.

१३ सप्टेंबर

भेंडी काढली, पावणेपाच किलो. माठ दोन टोपल्या. लाल अंबाडीला एकही फूल नाही. दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय ती फुलत नाही, आणि फुलेल तोवर इथे कडाका पडेल. सॉरेलसाठी सुकी बोंडं विकत आणली. पानं मात्र भरपूर. रात्री अंबाडीची भाजी केली, लसणाची फोडणी, ज्वारीच्या कण्या घालून. उद्या पंगतीत ठेवते.

ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून आला. हायड्रंटची चावी खजिनदारांकडे. पाऊस नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

ऊन. ११ वाजता खुर्च्या लागल्या. माणसं मोजली १६०, मग मोजणं सोडलं.

एक गोष्ट आम्ही ठरवताना चुकलो होतो. पुढच्या दोन रांगा ज्यांच्यासाठी ठेवल्या त्याच सगळ्या जेवणाच्या टेबलामागे उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या. आंटींना दोनदा बोलावलं, त्या म्हणाल्या, “एवढी भजी काढते आणि येते.” मी झारा मागितला, दिला नाही. शेवटी खजिनदार गेले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, त्यांच्या हातातून झारा काढून घेतला आणि म्हणाले, पोस्टात छत्तीस वर्षं उभा होतो, मला सवय आहे. मग तीन पदाधिकाऱ्यांनाही वाढायला उभं केलं. एकाने कूकू छान वाढलं.

आंटी पहिल्या रांगेत बसल्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ. बोलायला त्यांचं नाव यादीत नव्हतं. त्या उठल्या, माइक घेतला नाही.

१९६८ मध्ये त्या तेवीस वर्षांच्या होत्या, नुकत्या आलेल्या, मताचा हक्क नव्हता. एका घरी राहून मुलं सांभाळत. रविवारी सुट्टी. त्या रविवारी रस्त्यावरून कर्णा लावलेला ट्रक गेला आणि आतून बाईंचा आवाज आला: लढणारी शर्ली चिझम येत आहे. “आवाज आमच्या गावचा होता,” आंटी म्हणाल्या. “मी ट्रकामागे दोन चौक चालत गेले. मत देता येत नव्हतं, म्हणून चालले.”

आणि १९७४. एका आठवड्यात पगाराचं पाकीट नेहमीपेक्षा जाड लागलं. मालकीण काही बोलली नाही. आंटींना वाटलं चूक झाली, परत द्यावं. मुलाला बागेत खेळायला घेऊन गेल्या तेव्हा तिथल्या दुसऱ्या दाईने वर्तमानपत्र दाखवलं. कायदा झाला होता. “मला कुणी सांगितलं नाही. मी वाचून शोधलं.” एवढं बोलून बसल्या.

पुढच्या पदाधिकाऱ्यांपैकी दोघांनी आपली तीन मिनिटं सोडून दिली.

मराठी पट्टीचा अर्थ सातजणांनी विचारला. जोतीराव सातवेळा सांगितले.

१५ सप्टेंबर

आवराआवर. हिशेब: स्वयंपाक ५४७ डॉलर २० सेंट, पावत्यांसह. खुर्च्या, स्पीकर, छपाई, कापड मिळून १,०१२. देणगीच्या डब्यात काल ३८६ डॉलर ४५ सेंट, ते कारियाकूच्या छपरांसाठी. उरलेली कॉन्की नाही. अंबाडीच्या भाजीचं पातेलं घासून ठेवलेलं मिळालं, कुणी ते कळलं नाही. तीनजणींनी कृती मागितली.

तक्रारी दोन. सावली कमी पडली, आणि फलकांची अक्षरं म्हाताऱ्यांना लहान वाटली. दोन्ही खऱ्या.

३० नोव्हेंबर

ऑक्टोबर संपूर्ण कोरडा गेला, उद्यानाची सायकल सहल मात्र छान झाली. अंबाडी पहिल्या कडाक्यात गेली. भेंडीच्या बारा शेंगा झाडावरच वाळू दिल्या होत्या, आज आंटींच्या स्वयंपाकघरात बसून बी काढलं. चुलीवर कॉन्की. खिडकीच्या काचा धूसर झालेल्या.

५८ पाकिटं भरली, प्रत्येकात १० बिया. पाकिटावर लिहिलं: भेंडी, वाफा ७, शर्ली चिझम १००. आंटींनी त्यातलं एक बार्बेडोसला भाच्याकडे पाठवायला बाजूला काढलं. त्याची होडी दुरुस्त झाली.

पुढच्या वर्षाचं पान आखून ठेवलं आहे. पहिली ओळ स्वयंपाक, ६०० डॉलर. दुसरी सावली.